शंकेचे मोल

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे म्हणतात. चुलीवर भात रटरटत असताना गृहिणी पळीवर चार शिते काढते, त्यांतील एक बोटांत चेपून पाहते आणि पातेले उतरवावयाचे की नाही ते ठरवते. या साध्या कृतीत तीन गोष्टी सामावलेल्या आहेत. एक, या परीक्षेला खर्च जवळजवळ नाही. दोन, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजणाऱ्या भातातील एक शीत बाकीच्या शितांची साक्ष देऊ शकते. तीन, शीत कच्चे निघाले तर काय करावयाचे आणि शिजलेले निघाले तर काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. पंगत बसली आहे, पातेले काहीही झाले तरी या क्षणी उतरवावयाचेच आहे, असे असेल तर शीत चेपून पाहण्यात अर्थ नाही. ज्या परीक्षेने निर्णय बदलू शकत नाही, ती परीक्षा नव्हे. तो नुसता उपचार.

छत्तीसगड हा भाताचा मुलूख. धानाचे कोठार अशीच त्याची ख्याती आहे. परंतु या मुलखाचे मुख्य शहर रायपूर आज भाताइतकेच लोखंडावर जगते. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तेथे खनिजापासून स्पंज लोखंड होते, भट्ट्यांत पोलाद वितळते, रोलिंग मिलमधून सळया आणि अँगल बाहेर पडतात. पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. खुद्द रायपुरात खाणकाम आणि धातुशास्त्र शिकविणाऱ्या सरकारी महाविद्यालयाची कोनशिला राजेंद्रबाबूंनीच १४ सप्टेंबर १९५६ रोजी बसविली होती. त्या दिवशी रायपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. पुढे दीड महिन्याने, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ते महाविद्यालय आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. सांगावयाचे एवढेच की, धातू वितळवून त्याला आकार देण्याची विद्या या शहरात पुस्तकातही आहे आणि भट्टीपाशीही आहे. प्रश्न आहे तो या दोहोंची गाठ नेमकी केव्हा पडावी, हा.

अशा शहरातील एखादी लहानशी ओतशाळा डोळ्यांपुढे आणावी. दूरच्या एखाद्या शहरातून तिच्याकडे एक नकाशा येतो. बिडाचे एक कवच ओतून हवे आहे. त्यात यंत्राचा दांडा फिरावयाचा आहे. भिंत पातळ, दहा मिलिमीटर जाडीची. आणि दांडा बसतो त्या ठिकाणी चाळीस मिलिमीटर जाडीचा गड्डा. कागदावर रेषा सुबक आहेत, मापे बिनचूक आहेत. परंतु ओतशाळेतील वृद्ध मिस्त्री नकाशाकडे पाहतो, त्या जाड गड्ड्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "मालक, हे इथे बसेल असे वाटत नाही."

मिस्त्रीच्या या वाक्यामागे पक्के शास्त्र आहे. वितळलेला धातू गोठताना आणि गोठल्यावर थंड होताना आकसतो. म्हणूनच लाकडी पॅटर्न करणारा सुतार बिडासाठी शेकडा सुमारे एक आणि पोलादासाठी शेकडा सुमारे दोन इतके माप वाढवून घेतो. परंतु सगळा तुकडा एकाच वेळी गोठत नाही. जाडी दुप्पट झाली तर गोठण्यास लागणारा वेळ दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट होतो. हा नियम ख्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० साली मांडला. तेव्हा दहा मिलिमीटरची भिंत ज्या वेळात गोठेल, त्याच्या कितीतरी पट वेळ तो चाळीस मिलिमीटरचा गड्डा आत रसरूपात राहील. भिंती गोठल्या की त्या गड्ड्याला बाहेरून नवा रस मिळण्याची वाट बंद होते. आतला धातू आकसत जातो आणि पोटात पोकळी पडते. बाहेरून तुकडा गुळगुळीत दिसतो. कातकामाच्या यंत्रावर चढला, हत्याराने वरचा थर निघाला, म्हणजे मग ती पोकळी उघडी पडते. तोवर बीड, कोळसा, वीज, मजुरी, सर्व खर्च झालेला असतो.

पण मिस्त्रीचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. "बसणार नाही" असे तो म्हणाला नाही. "बसेल असे वाटत नाही" असे म्हणाला. त्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यातच निर्णयशास्त्राचा सगळा विषय मावतो. कारण रसाचे तापमान, रेतीतील ओल, रायझर कोठे व केवढा ठेवला, यांवरही पुष्कळ अवलंबून असते. असाच एखादा तुकडा पूर्वी सुरेख उतरलेलाही असतो. मालकाला आज आदेश स्वीकारावयाचा की नाही ते ठरवावयाचे आहे, आणि त्याच्या हाती ज्ञान नाही. आहे ती शंका.

येथे माणसे साधारणतः दोन प्रकारांनी चुकतात. एक प्रकार उतावळ्या नवऱ्याचा: गुडघ्याला बाशिंग बांधावयाचे, नकाशा आला तसा साच्यात उतरवावयाचा आणि पुढचे पुढे पाहावयाचे. दुसरा प्रकार दुधाने तोंड पोळलेल्याचा: एकदा नुकसान झाले म्हणून पुढे ताकही फुंकून प्यावयाचे, प्रत्येक नकाशाला शंभर परीक्षा लावावयाच्या आणि चांगली कामे दाराशी आलेली परत धाडावयाची. पहिल्याचे नुकसान डोळ्यांना दिसते. नासलेल्या तुकड्यांचा ढीग अंगणात पडतो. दुसऱ्याचे नुकसान दिसत नाही. कारण न घेतलेल्या कामाचा ढीग कोठेच पडत नाही. परंतु दोन्ही नुकसाने खरीच, आणि वहीत दोन्ही मांडली पाहिजेत.

ती कशी मांडावयाची, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, तुकडे नकाशाबरहुकूम ओतले आणि निर्दोष उतरले, तर ओतशाळेला चाळीस हजार रुपये नफा आहे. पोकळी निघून माल परत आला, तर साठ हजारांचा तोटा आहे. तिसरा एक मार्ग आहे: ग्राहकाला कळवून नकाशात फेरफार मागावयाचा, भिंत थोडी जाड करावयाची, गड्डा थोडा पोखरावयाचा, दोहोंच्या सांध्याला गोलाई द्यावयाची. त्यात धोका नाही, पण बीड अधिक लागते, कातकाम वाढते, आणि नफा बारा हजारांवर येतो. मिस्त्रीला विचारले की, अशा घडणीच्या शंभर नकाशांपैकी किती बिघडतील? तो आठवून सांगतो, तीसएक.

आता शंभर सारखे नकाशे आले असे धरू. सगळे जसेच्या तसे ओतले तर सत्तर ठिकाणी चाळीस हजारांप्रमाणे अठ्ठावीस लाख मिळतील आणि तीस ठिकाणी साठ हजारांप्रमाणे अठरा लाख जातील. उरले दहा लाख. म्हणजे नकाशामागे सरासरी दहा हजार. फेरफार केला तर खात्रीचे बारा हजार. तेव्हा या दोनच वाटा असतील तर फेरफार बरा.

परंतु आणखी एक वाट आहे, ती म्हणजे शंका विकत घेऊन फेडणे. समजा, एखादा सर्वज्ञ भेटला आणि प्रत्येक नकाशा पाहून तो बिघडेल की नाही हे बिनचूक सांगू लागला. मग सत्तर चांगले नकाशे जसेच्या तसे ओतावयाचे आणि तीस बदलून घ्यावयाचे. नकाशामागे सरासरी एकतीस हजार सहाशे पडतील. बारा हजारांहून हे एकोणीस हजार सहाशेनी अधिक. याचा अर्थ असा की, या शंकेचे संपूर्ण मोल एकोणीस हजार सहाशे रुपये आहे. कोणी कितीही सुंदर यंत्र आणले, कोणताही मोठा तज्ज्ञ आणला, तरी या नकाशाच्या परीक्षेवर त्याहून एक रुपयाही जास्त खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सर्वज्ञ मिळत नाही. पण एक नमुना ओतून, करवतीने कापून पाहता येतो. त्याला समजा पाच हजार रुपये खर्च येतो. ही परीक्षाही पूर्ण खरी नव्हे. नकाशा सदोष असला तर दहांपैकी आठ वेळा पोकळी दिसते, दोनदा दडून राहते; आणि नकाशा ठीक असूनही दहांत एकदा काही अन्य कारणाने पोकळी दिसते. शंभर नकाशांवर ही परीक्षा चालविली तर तीस सदोषांपैकी चोवीस पकडले जातील, सहा निसटतील; सत्तर निर्दोषांपैकी त्रेसष्ट सुटतील, सात विनाकारण पकडले जातील. जे एकोणसत्तर सुटले ते ओतावयाचे: त्रेसष्टांचे पंचवीस लाख वीस हजार मिळाले, निसटलेल्या सहांचे तीन लाख साठ हजार गेले. जे एकतीस पकडले गेले ते बदलून घ्यावयाचे: त्यांचे तीन लाख बहात्तर हजार. एकंदर पंचवीस लाख बत्तीस हजार. म्हणजे नकाशामागे पंचवीस हजार तीनशे वीस. परीक्षेचे पाच हजार वजा केले तरी वीस हजार तीनशे वीस उरतात. बारा हजारांच्या जागी वीस! तेव्हा येथे नमुना ओतून कापणे शहाणपणाचे आहे.

आता हाच हिशेब दुसऱ्या नकाशाला लावून पाहावा. मिस्त्री म्हणतो, "हा साधा आहे, शंभरांत दोन बिघडले तर बिघडले." परीक्षा तीच, खर्च तोच. हजार नकाशे घेतले तर वीस सदोष आणि नऊशे ऐंशी निर्दोष. परीक्षेत पोकळी दिसेल ती सोळा सदोषांत आणि अठ्ठ्याण्णव निर्दोषांत. म्हणजे परीक्षेने ज्यांच्याकडे बोट दाखविले अशा एकशे चौदांपैकी अठ्ठ्याण्णव निरपराध! हे एकशे चौदा बदलून घेतले तर तेरा लाख अडुसष्ट हजार मिळतील. परीक्षेकडे दुर्लक्ष करून जसेच्या तसे ओतले तर तोटा वजा जाऊनही एकोणतीस लाख साठ हजार मिळतील. म्हणजे नमुन्यात पोकळी दिसली तरी शहाण्या मालकाने काम जसेच्या तसे करावे! आणि न दिसली तर करावयाचेच आहे. दोन्ही उत्तरांनी निर्णय एकच राहत असेल तर ती परीक्षा फुकट मिळाली तरी घेण्याचे कारण नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

एकच करवत, एकच नमुना, एकच खर्च. एका नकाशाला ती परीक्षा मोलाची आणि दुसऱ्याला कवडीमोल. परीक्षेची किंमत परीक्षेत नसते; ती परीक्षेपूर्वीच्या शंकेत आणि परीक्षेनंतरच्या निर्णयात असते.

हा विचार कारखान्यात जन्मला नाही. त्याच्यामागे सुमारे तीन शतकांची परंपरा आहे. इंग्लंडातील टॉमस बेझ या धर्मोपदेशकाच्या मृत्यूनंतर १७६३ साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आधीची समजूत आणि नवा पुरावा यांची सांगड कशी घालावी याचे गणित त्यात होते. वरच्या हिशेबातील शंभर नकाशांची वाटणी त्याच गणिताची आहे. पुढे फ्रँक रॅम्झे या तरुण केंब्रिज पंडिताने १९२६ साली असे दाखविले की, माणसाचा विश्वास किती दृढ आहे हे तो त्यावर किती पैज लावावयास तयार आहे यावरून मोजता येते. म्हणजे मिस्त्रीचे "वाटत नाही" हेही आकड्यात मांडता येते. केंब्रिजमध्येच बेझच्या मार्गाचे समर्थ पुरस्कर्ते हॅरल्ड जेफ्रीस यांच्या हाताखाली संशोधन केलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, हे मराठी माणसाने स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

या शास्त्राला कारखान्याच्या दारात आणणाऱ्यांत अब्राहाम वाल्ड हे नाव फार मोठे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मालाच्या तपासणीची एक पद्धत शोधली. किती नग तपासावयाचे हे आधी ठरवून न टाकता, एकेक नग पाहत जावयाचे आणि निर्णयापुरता पुरावा जमला की तेथेच थांबावयाचे. शीत चेपणाऱ्या गृहिणीला हे नवे वाटणार नाही. पण थांबावयाचे नेमके कोठे, हे त्यांनी गणिताने सांगितले. निर्णयाच्या शास्त्रावरील त्यांचा प्रमुख ग्रंथ १९५० साली निघाला. त्याच वर्षी ते भारतात व्याख्यानांसाठी आले असताना १३ डिसेंबरला त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरात कोसळले, आणि त्यांचा व त्यांच्या पत्नीचा अंत झाला. माहितीला मोल असते आणि ते रुपयांत मोजता येते, ही कल्पना अमेरिकेतील रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ साली स्वतंत्र सिद्धान्त म्हणून मांडली.

पण सरासरीचा हिशेब येथेच थांबविला तर तो लहान माणसाच्या हिताचा ठरणार नाही. सरासरी शंभर नकाशांची असते. ओतशाळेच्या दाराशी आज एकच नकाशा आलेला असतो. ज्याच्या गाठीला भांडवल आहे त्याचे साठ हजार गेले तर तो पुढल्या महिन्यात भरून काढील. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, बारा माणसांचा पगार ज्याला शनिवारी द्यावयाचा आहे, त्याचे साठ हजार गेले तर भट्टी विझेल. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच हे ओळखले होते. एखाद्या गरिबाच्या हाती असे तिकीट आले की, त्यावर वीस हजार मोहरा मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, आणि दोहोंचा संभव सारखा आहे. त्याने ते नऊ हजारांना विकले तर तो मूर्ख ठरेल काय? सरासरी तर दहा हजार होते. बर्नुलीने उत्तर दिले की, तो मूर्ख नव्हे. आणि ते विकत घेणारा श्रीमंतही मूर्ख नव्हे. रुपया सगळीकडे सारखा नसतो. म्हणून एकाच नकाशावर दोन ओतशाळांनी दोन वेगळे निर्णय घेतले तरी दोन्ही बरोबर असू शकतात. "अमक्याने घेतले, मग तू का घेत नाहीस?" हा प्रश्न व्यापारात वारंवार विचारला जातो, आणि तो बहुधा अन्यायाचा असतो.

याउलट, ज्या ठिकाणी तोटा रुपयांत मोजताच येत नाही तेथे परीक्षेचे मोल आकाशाला भिडते. भिलाईत रेल्वेचे रूळ होतात. पोलादात हायड्रोजन वायू अडकून राहिला तर रूळ थंड होताना पोटात बारीक भेगा पडतात, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे गाड्यांच्या धक्क्यांनी अशी भेग वाढत गेली तर रूळ तुटतो. तेथे "शंभरांत दोन" हे वाक्य उच्चारता येत नाही. म्हणून वितळलेल्या रसातून निर्वातात वायू काढून घेतला जातो आणि तयार रूळ श्राव्यातीत ध्वनीने तपासला जातो. याच रुळांची लांबी हाही घडणीच्या शक्यतेचाच प्रश्न होता. एके काळी तेरा मीटरचा रूळ हे प्रमाण होते. जितके सांधे कमी तितकी गाडी सुरळीत चालते, तेव्हा रूळ लांब हवा, हे कागदावर कोणीही सांगेल. परंतु लांब रुळाला लांब शीतकमंच लागतो, तो सरळ करणारी यंत्रे लागतात, आणि वळणावरून वाकत जाईल अशी वाघिण्यांची रांग लागते. हे सारे जमले तेव्हाच भिलाईच्या नव्या मिलमधून एकशे तीस मीटरचा अखंड रूळ निघू लागला, आणि असे दोन जोडून दोनशे साठ मीटरची पट्टी पाठविता येऊ लागली. रुळाचा नकाशा आणि रूळ घडविणारा कारखाना यांचा विचार एकत्र झाला, त्याचे हे फळ होय.

आज नकाशाची पूर्वपरीक्षा संगणकही करतो. भिंत फार पातळ आहे, कोपरा फार तीक्ष्ण आहे, पॅटर्न साच्यातून निघावयाला उतार नाही, असे दोष तो क्षणात दाखवितो. रस साच्यात कसा गोठेल, शेवटचा थेंब कोठे उरेल, याचे चित्रही तो काढतो, मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्राध्यापक बी. रवी यांच्या संशोधनातून ओतकामासाठी 'ऑटोकास्ट' ही अशीच आज्ञावली निर्माण झाली. ही साधने मोठ्या उपकाराची आहेत. कारण नमुना ओतून कापण्याचा खर्च ती पुष्कळ कमी करतात, आणि परीक्षा स्वस्त झाली की अधिक नकाशांना ती परवडते. पण संगणकाने लाल खूण केली म्हणजे निर्णय झाला, असे मानणे ही पुन्हा जुनीच चूक होईल. लाल खूण हा पुरावा आहे, निकाल नव्हे. असे काम पूर्वी किती वेळा बिघडले, बिघडल्यास काय जाईल, बदलल्यास काय मिळेल, हे तीन प्रश्न संगणकाला कोणीतरी सांगावे लागतात. त्यांची उत्तरे ओतशाळेतच असतात.

आणि येथेच या विषयातील खरी अडचण आहे. शंका एकाच्या मनात असते आणि तोटा दुसऱ्याच्या पदरी पडतो. नकाशा काढणारा दूर असतो; त्याला मिस्त्रीचे बोट दिसत नाही. मिस्त्री भट्टीपाशी असतो. त्याला नकाशा दिसतो तोच मुळी पक्का होऊन, सह्या होऊन आलेला. पुष्कळ ठिकाणी त्याला कोणी विचारीत नाही, आणि त्याने न विचारता सांगितले तर ते कुरकुरीत जमा होते. वरच्या हिशेबात "तीसएक" हा जो आकडा आला, ज्यावाचून पुढचे एकही पाऊल पडले नसते, तो कोणत्याही ग्रंथातून आला नाही. तो चाळीस वर्षे साचे भरलेल्या हातांतून आला. तो मिस्त्री उद्या घरी बसला तर तो आकडाही त्याच्याबरोबर घरी जाईल. म्हणून ओतशाळेत एक साधी वही असावी. कोणता तुकडा, भिंत केवढी, गड्डा केवढा, मिस्त्रीने आधी काय अंदाज सांगितला, आणि शेवटी काय निघाले, एवढे पाच रकाने पुरेत. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून जे निघेल ते त्या ओतशाळेचे स्वतःचे निर्णयशास्त्र असेल. मिस्त्रीचा अंदाज कोठे खरा ठरतो आणि कोठे त्याची भीती वाजवीहून अधिक आहे, हेही त्यातून कळेल. वही कोणाचीच भीड ठेवीत नाही.

नकाशा पाठविणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परीक्षेचा खर्च नेहमी ओतशाळेनेच का सोसावा? माल वेळेवर आला नाही तर त्याचेही यंत्र उभे राहते. शंका दोघांची असेल तर तिचे मोल दोघांनी वाटून घ्यावे. पहिल्या नमुन्याची किंमत करारातच लिहावी. असे केले की मिस्त्रीला शंका लपविण्याचे कारण राहत नाही, आणि मालकाला ती दडपण्याचे.

रायपूरहून दक्षिणेला बस्तरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोंडागाव लागते. तेथील घडवा कारागीर आजही मेण गाळून पितळेच्या मूर्ती ओततात. मोहेंजोदारोच्या नर्तिकेची मूर्ती याच रीतीने घडली होती. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून हत्ती, घोडा, देवी घडवावयाची. त्यावर आधी मऊ आणि मग जाड मातीचे लेप द्यावयाचे. आच देऊन मेण वितळवावयाचे आणि त्याच्या जागी रस ओतावयाचा. शेवटी साचा फोडावा लागतो. प्रत्येक मूर्तीला साचा एकच, आणि तो एकदाच. रस कोठे पोचला आणि कोठे अडला, हे साचा फुटल्यावरच कळते, आणि तेव्हा दुरुस्तीला फार उशीर झालेला असतो. म्हणून त्या कारागिराची सारी तपासणी मेणाच्या पायरीवर होते. धागा बारीक वाटला तर तो तेथेच दुसरा जोडतो, रसाला वाट अरुंद वाटली तर तेथेच रुंद करतो. मेण मऊ असते. त्यात चूक सुधारण्याला बोटाचा एक दाब पुरतो.

कारखान्याच्या जगात कागदावरचा नकाशा म्हणजेच हे मेण होय. त्यावर सही होण्यापूर्वी तो एकदा भट्टीपाशी न्यावा, मिस्त्रीपुढे पसरावा आणि विचारावे, "शंभरांत किती?" या परीक्षेला एक दिवस लागतो आणि खर्च येतो तो चहाचा. उत्तर काहीही आले तरी काय करावयाचे, हे मात्र विचारण्यापूर्वी ठरवून ठेवावे.